उसाचा काटा आणि छातीचे फोटो

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे फोटो बघून पोट भरलं. फोटोही असे, की ज्यांत कुणी हसत नाही, कुणाला नाक-डोळे नाहीत, आणि ज्याचा फोटो त्यालाच तो ओळखू येत नाही. शहरात या धंद्याला रेडिओलॉजी म्हणतात. आमच्या नगर जिल्ह्यात त्याला 'फोटोचं खातं' म्हणायचे आणि मला 'फोटूचे डॉक्टर'. लग्नसराईत लोक माझ्याकडे तारीख विचारायला यायचे. एका लग्नाचं काम मी घेतलंही होतं, पण नवरदेवाच्या वडिलांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून ते इथे सांगत नाही.

या अंकाचे संपादक म्हणाले, "डॉक्टर, खरं तेवढंच लिहा." मी म्हटलं, मग अंक फार बारीक निघेल. शेवटी तडजोड अशी झाली, की माणसं आणि मशिनं मी होती तशी सांगायची, त्यांची लांबी-रुंदी मात्र माझ्यावर सोडायची.

तर काळ नव्वदच्या दशकातला. बेलापूरच्या अलीकडे, चहूबाजूंनी ऊस आणि मधोमध आमचं धर्मादाय रुग्णालय, त्याला चिकटून छोटंसं मेडिकल कॉलेज. ऊस इतका दाट, की वॉर्डातून आमच्या खात्याकडे निघालेला एक पेशंट मधेच हरवला. गळीत हंगाम सुरू झाला तेव्हा तोडणीवाल्यांना सापडला. तोवर रस पिऊन ठणठणीत झाला होता. फोटो काढायची गरजच उरली नाही.

आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. टेक्निशियन फोटो काढणार, डार्करूममध्ये तो रसायनात धुणार, आणि आम्ही तो ट्यूबलाइट लावलेल्या दुधी काचेच्या पेटीवर टांगून आत काय बिघडलंय ते लिहून देणार. पेशंटला हात लावायचा नाही, जीभ बाहेर काढा म्हणायचं नाही. म्हणून इतर डॉक्टर आम्हाला आळशी समजतात. त्यांना काय ठाऊक, की काळ्या-पांढऱ्याच्या मधे राखाडी रंगाच्या किती छटा असतात! माझ्या डोळ्यांना ती सवय इतकी लागली होती, की बायकोनं नवी साडी दाखवली तर मी आधी ती उजेडाकडे धरायचो. मग घरात काय व्हायचं ते सूज्ञांनी ओळखावं.

आमच्याकडे शिकायला निवासी डॉक्टर असत. एमबीबीएस झालेली, या विषयात तरबेज व्हायला आलेली पोरं-पोरी. फोटो आधी त्यांनी बघायचा, कच्चा रिपोर्ट लिहायचा. मग तोच फोटो मी बघायचा, त्यांचं चुकलेलं दुरुस्त करून पक्का रिपोर्ट द्यायचा. शिकायची रीत म्हणून हे कागदावर झकास दिसतं. प्रत्यक्षात व्हायचं काय, तर मी दुरुस्ती करीपर्यंत पोरगं सोनोग्राफीच्या खोलीत पोटं तपासत बसलेलं. पक्का रिपोर्ट आणि फोटो पाकिटात घालून पेशंटच्या हातात, कारण आमच्याकडे फोटो ही पेशंटची मालमत्ता. पेशंट पाकीट काखेत मारून स्टँडवर. म्हणजे शिकाऊ डॉक्टरची चूक खिडकीजवळची जागा पकडून एसटीनं घरी जायची. ज्यानं केली त्याला तिचं तोंडही दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो तीच चूक नव्यानं, ताज्या उत्साहानं करायचा.

मी दुरुस्त्या करून करून थकलो होतो. माझं लाल पेन महिन्यात इतकं झिजायचं, की स्टेशनरीवाल्यानं त्यावर घराचा वरचा मजला चढवला असं गावात बोलत. गावात बोलत म्हणजे मी बोलत असे.

त्यातच आमच्याकडे डॉ. संगीता भिंगारदिवे आली. नेवाशाची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. घराण्यातली पहिली डॉक्टर. पोरगी हुशार, आणि नजर अशी, की हाताच्या फोटोतली केसाएवढी चीर ती दारातूनच ओळखायची. पण छातीच्या फोटोत तिचं वारंवार चुकायला लागलं. कधी काही नाही, आणि कधी फुप्फुसाच्या खालच्या कोपऱ्यातली महत्त्वाची गोष्टच लिहायची राहिलेली. इतर डॉक्टर मला टोमणे मारायला लागले, "तुमच्या नेवासेकरणीला कोपरे दिसत नाहीत वाटतं!" हे तिच्याही कानावर जात होतं. ती ऐकून घ्यायची आणि आणखी वेळ फोटोसमोर बसायची. पण कुठे चुकतंय आणि का, हे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. चुका तर एसटीनं गेलेल्या!

अशात एके दिवशी भाऊसाहेब कोळसे पाठीचा फोटो काढायला आले. हे जवळच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर संगणक चालवायचे. सबंध तालुक्यात संगणक कळणारे आपण एकटेच, असं त्यांचं मत होतं आणि ते कुणापासून लपवायचे नाहीत. मी तेव्हा नेमका एका कच्च्या रिपोर्टावर लाल पेन घेऊन ओरडत होतो.

"डॉक्टरसाहेब, एवढी बीपी कशाला वाढवता?" भाऊसाहेब टेबलावर झोपल्या झोपल्या म्हणाले. "आमच्याकडं बघा. भरलेली गाडी काट्यावर आली की वजन. ऊस टाकून रिकामी गाडी परत आली की वजन. फरक तेवढा ऊस. मशीन पावती छापतं, पावती शेतकऱ्याच्या हातात. कुणी कुणावर वरडत न्हाई."

"अहो, इथे ऊस नाही, रिपोर्ट आहेत."

"मग पोरांचा रिपोर्ट भरलेली गाडी धरा, तुमचा रिपोर्ट रिकामी गाडी. फरक छापून पोराच्या हातात द्या. हाय काय अन् न्हाई काय!"

मी उठून बसलो. बसलेलाच होतो, पण आणखी बसलो. त्या माणसाची पाठ मी त्या दिवशी इतक्या प्रेमानं तपासली, की त्याला वाटलं आपल्याला काहीतरी गंभीर झालंय.

रुग्णालयात एक संगणक होता. विश्वस्तांनी भेट दिलेला. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, आणि डीनसाहेबांच्या डोक्यावर पंखा असला तरी संगणकाच्या डोक्यावर एसी होता. उद्घाटनाला कुणीतरी भक्तिभावानं कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं होतं, तेव्हापासून काही कळा दाबल्या की एकाऐवजी तीन अक्षरं उमटायची. हंगाम संपल्यावर भाऊसाहेबांना फुरसत झाली. फ्लॉपीवर काट्याचा प्रोग्राम टाकून ते आले आणि ऊस काढून त्याजागी छाती बसवायच्या कामाला लागले.

छातीचे आम्ही भाग पाडले. हृदय, दोन्ही फुप्फुसांचे वरचे, मधले, खालचे पट्टे, बरगड्या, खालचे दोन कोपरे. शिकाऊ डॉक्टरनं प्रत्येक भागापुढे आपलं मत भरायचं, नंतर मी माझं. मशीननं दोन्हींची वजाबाकी करून पावती छापायची. ऐकायला सोपं. पण भाऊसाहेबांनी प्रोग्राममध्ये जे बदलता येईल ते बदललं आणि जे बदलता येईना ते तसंच ठेवलं. पहिली पावती चरचर करत प्रिंटरमधून बाहेर आली, ती पोरांनी वाचली आणि खात्यात दंगल व्हायची बाकी राहिली. शिकाऊ डॉक्टरच्या नावाआधी छापलं होतं 'वाहन'. त्याखाली 'वाहनाचा प्रकार: बैलगाडी'. मग 'गाव'. मग 'आत आल्याची वेळ', 'बाहेर गेल्याची वेळ'. जिथे माझं मत वेगळं त्या जागेपुढे 'घट'. आणि रिपोर्टातले जे शब्द मी फालतू म्हणून काढले असतील त्यांच्यापुढे 'पाचट', म्हणजे उसाचा वाळका पाला.

पराग नावाचा पुण्याचा एक निवासी होता, इस्त्रीचा एप्रन घालणारा. तो म्हणाला, "सर, मी बैलगाडी?"

"काढा की ते, भाऊसाहेब," मी म्हटलं.

"काढलं तर प्रोग्राम झोपतो. गाव काढलं तरी झोपतो. येळ काढली तर उठतच न्हाई. ऱ्हाऊ द्या, साहेब. कुनाचं काय खातंय?"

राहू दिलं. गाव म्हणून आम्ही पेशंटचं गाव टाकायला लागलो. आत आल्याची वेळ म्हणजे फोटो धुऊन बाहेर आला ती, आणि बाहेर गेल्याची म्हणजे कच्चा रिपोर्ट झाला ती. कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, पण मशीनला जेवायला लागत होतं.

आणि काय सांगू, त्या बैलगाड्या पळायला लागल्या! पूर्वी रागावलो की पोरं माझ्या तोंडाकडे बघायची, आता पावतीकडे बघायला लागली. पावती रागवत नाही, टोमणा मारत नाही, आणि तिला मस्का लावून काही उपयोग नाही. परागच्या पावतीवर घट जवळजवळ नसायची, पण पाचट खच्चून. साध्या निरोगी छातीवर हा बाबा प्रबंध लिहायचा. स्वतःचं पाचट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर त्याचे रिपोर्ट असे आटले, की एकदा त्यानं नुसतं 'ठीक' लिहून दिलं. चहाच्या टपरीवर पोरं एकमेकांना विचारायची, "आज किती घट?" टपरीवाल्याला वाटायचं डॉक्टरांनी ऊस लावलाय.

सगळ्यांची घट कमी होत गेली. संगीताची मात्र होईना. बाकी सगळीकडे तिची पावती स्वच्छ, आणि 'कोपरा' या शब्दापुढे पुन्हा पुन्हा घट. पूर्वी तिला नुसतं वाटत होतं की आपलं चुकतंय, आता ते छापून हातात यायला लागलं. काट्याचा हा गुण मी हिशेबात धरलाच नव्हता.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती आली. हातात पावत्यांचा गठ्ठा, दोरीनं बांधलेला.

"सर, मी रेडिओलॉजी सोडते. आरोग्य केंद्रात जागा निघालीय, तिथे जाते."

"का?"

"मला दिसत नाही, सर. जे दिसायला पाहिजे तेच दिसत नाही. आज कोपरा राहिला, तुम्ही दुरुस्त केला. उद्या माझ्या पुढे तुम्ही नसाल. मग पेशंटनं काय करायचं?"

आता अशा वेळी बाप होऊन पाठीवर हात ठेवायचा असतो. पण मी आतल्या गाठीचा माणूस. मी म्हटलं, "जा की. पण चुका अशा गठ्ठा बांधून टाकून जायचं नाही. जागेप्रमाणे लावून दे. पुढच्या बॅचला शिकवायला कामाला येतील. तुझ्याएवढ्या ठसठशीत चुका मला कुठे मिळणार?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की माझा तिथेच फोटो निघाला. पण गुरुजींची मुलगी. सांगितलेलं काम अर्धवट टाकायचं रक्तातच नाही. फरशीवर बसून तिनं पावत्या लावायला घेतल्या. हृदयाचा ढीग झालाच नाही. बरगड्यांची एखाद-दुसरी पावती. कोपऱ्यांचा मात्र चांगला डोंगर झाला. मी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होतो.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सर, ही गावं बघा."

"ती प्रोग्रामला जेवायला घालतो आपण."

"नाही, बघा ना. नेवासा. नेवासा. शिंगणापूर. नेवासा. घोडेगाव. पुन्हा शिंगणापूर. कोपऱ्याच्या ढिगात राहुरी नाही, संगमनेर नाही. सगळी एकाच गाडीची गावं आहेत, सर. दुपारच्या शेवटच्या नेवासा-शिंगणापूर एसटीची." तिनं वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि सगळे फोटो गाडी सुटायच्या जरा आधी बघितलेले. आत आणि बाहेर यांच्यात वेळच नाही."

मग ती उभी राहिली आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ओले होते. सगळे ओले होते."

हे जरा उलगडून सांगतो. त्या काळी फोटो धुतला की वाळायला टांगावा लागायचा. वाळायला वेळ लागायचा. आमच्याकडे श्रावणात टांगलेला एक फोटो दसऱ्याला वाळल्याची नोंद आहे; नोंद माझ्याकडे आहे. रीत अशी, की वाळल्यावरच बघायचा. पण नेवाशाच्या माणसांना आपली हक्काची डॉक्टरीण मिळाली होती. कंडक्टरसुद्धा सांगायचा, "फोटूला जायचंय व्हय? मग ताईला धरा." मग दुपार कलली की व्हरांड्यातून हाका सुरू. "ताई, गाडी जाईल वो!" "ताई, घरी म्हस बांधलेली हाय, धार कोन काढील?" "ताई, आमी तुमच्या आळीतलेच की!" पराग अशा हाकांना ढिम्म हलायचा नाही, कारण पुण्याला जाणारा पेशंट आमच्याकडे कधी आलाच नाही. संगीताला राहवायचं नाही. ती डार्करूममधून निथळता फोटो आणायची, खिडकीशी धरायची, आणि कच्चा रिपोर्ट लिहून माणसांना गाडीला घालायची. फोटो मागे वाळत राहायचा; तो आणि माझा पक्का रिपोर्ट दुसऱ्या दिवशी कंडक्टरच्या हाती जायचा.

आता फोटो उभा धरला की त्याच्यावरचं पाणी ओघळून कुठे साठतं? खालच्या कोपऱ्यात. आणि माणसाच्या छातीत पाणी झालं, तर उभ्या माणसात ते कुठे साठतं? खालच्याच कोपऱ्यात. फोटोत तिथे धूसर, पांढुरकं दिसतं. संगीता रोज ते बघत होती आणि रोज ठरवत होती, की हे धुण्याचं पाणी. बहुतेक वेळा असायचंही. पण एखाद्या वेळी पाणी फोटोवर नसून छातीत असायचं. माझ्यापुढे तोच फोटो दुसऱ्या दिवशी खडखडीत वाळून यायचा, आणि मला ते लख्ख दिसायचं.

मी म्हटलं, "चला! म्हणजे डोळे शाबूत आहेत."

पण ती हसली नाही. "सर, शिंगणापूरचे कारभारीबाबा. तुम्ही त्या दिवशी बाहेरगावी होतात. त्यांनी ओला फोटोच बरोबर नेला. म्हणाले, घरी वाळवतो. खोकला होता, ताप होता, कुशीत दुखत होतं. मी 'छाती साफ' म्हणून लिहून दिलं. त्या फोटोवर तुमची नजर पडलेलीच नाही. त्याची पावतीच नाही, सर."

त्या माणसाला परत या म्हणून निरोप धाडता आला असता. पण संगीता तोवर जिन्याखाली पोचली होती. माझी जुनी जीप होती, चढाला लागली की आम्ही उतरून तिला धीर द्यायचो. तीत बसून आम्ही निघालो. वाटेत प्रवरेच्या पुलावर ती एकदाच बोलली. "कोपरा भरलेला निघाला तर माझं मी काय ते ठरवीन. तुम्ही समजूत घालायची नाही."

"मी कशाला घालू? मी जीप चालवतोय."

शिंगणापूरची घरं तुम्हाला ठाऊकच आहेत. चौकट असते, दार नसतं. कडी नाही, कुलूप नाही. माझ्या एका मित्राला तिथे एक्स-रेचा दवाखाना टाकायचा होता. बिनदाराची डार्करूम कशी करायची यावर त्यानं इतका विचार केला, की शेवटी दंतवैद्य झाला. कारभारीबाबांचं दुकान देवळाच्या वाटेवर. तेल आणि रुईच्या पानांच्या माळा विकायचे. घर दुकानाच्या मागेच. चौकटीत दाराच्या जागी पांढऱ्या धोतराचा पडदा लावलेला. वाजवायला दार नाही, म्हणून संगीतानं बाहेरूनच हाक मारली, "बाबा, आहात का?"

"कोन? ताई का? या, या! आवं, डाक्टर आलेत आपल्याकडं!" बाबा पडदा बाजूला सारून आले. अंगावर घोंगडी, दिवसाढवळ्या. बोलता बोलता थांबून दम खात होते. आम्हाला आत बसवलं आणि हसत पडद्याकडे बोट केलं. "त्यो बघा. तुमी दिलेला फोटू."

पडद्याला पिना लावून त्यांनी छातीचा फोटो टांगला होता. बाहेर कललेलं ऊन, त्यापुढे पांढरं धोतर, धोतरावर फोटो. आतून बघणाऱ्याला आमच्या पेटीपेक्षाही स्वच्छ उजेड. आणि फोटो केव्हाच वाळलेला.

"येणाऱ्या-जाणाऱ्याला दावतो," बाबा म्हणाले. "म्हनतो, गुरुजींच्या लेकीनं लिवून दिलंय, गडी आतून बी साफ हाय. ह्यो खोकला जरा रेंगाळलाय, पन ताई साफ म्हनली म्हनल्यावर म्या मनाला लावून घेतलं न्हाई."

संगीता ते ऐकत उभी होती. मग पडद्याच्या समोर गेली. मला बसल्या जागेवरून काय दिसायचं ते दिसलं होतं. मी तोंड मिटून बसलो, आणि माझ्या ओळखीतल्या कुणालाही विचारा, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

"सर," ती म्हणाली, "डावा कोपरा भरलाय." मग लगेच, "नाही. बाबांनी फोटो उलटा लावलाय. म्हणजे उजवा."

"बाबा तर उजव्या बाजूला काळीज घेऊन सगळ्या गावाला दाखवतायत म्हणायचे," मी म्हटलं. "आणि कोपऱ्याचं म्हणशील, तर फोटोवरचं पाणी असेल ते."

ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का. "फोटो कोरडा आहे, सर. पाणी छातीत आहे."

"नक्की?"

"नक्की."

मग ती बाबांच्या समोर खाली बसली. "बाबा, मी त्या दिवशी साफ म्हणाले, ते चुकलं. गाडीच्या घाईत ओला फोटो बघितला. तुमच्या छातीत उजवीकडे पाणी झालंय. औषधानं बरं होतं, पण आत्ताच्या आत्ता आमच्याबरोबर यावं लागेल."

आतून त्यांच्या कारभारणीचा आवाज आला, "मी म्हनतच हुते, साफ मानूस असा कन्हत नसतो!"

"तू गप," बाबा म्हणाले. आणि संगीताला, "पोरी, गाडीची घाई आमीच केल्ती की. तू कशाला डोळं पुसती? चल, जीपला जागा हाय का पन? का म्या पुन्यांदा यस्टीनं यिऊ?"

बाबांना जीपमध्ये पुढे बसवलं. कारभारणीनं मागे तेलाची बाटली आणि रुईची माळ ठेवली, जीपसाठी. त्या दिवशी चढाला जीप थांबली नाही. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण जीपचा असावा.

आमच्या छातीच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सुईनं पाणी काढलं. क्षयाचं निघालं. म्हणजे लांबलचक औषध, पण खात्रीचं. बाबांनी ते नेमानं घेतलं. तपासणीला यायचे तेव्हा प्रत्येक वेळी नवा फोटो काढायचा आणि तो वाळेपर्यंत व्हरांड्यात बसून राहायचे. दुसरं कुणी 'ताई, गाडी जाईल' म्हणून ओरडलं, की बाबाच त्याच्या अंगावर जायचे, "गप बस खाली! घाई करून म्या छातीत आड खांदला हुता!"

संगीतानं आरोग्य केंद्राचं नाव पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही. मात्र बाबांना आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याच्या भिंतीवर, जिथे पूर्वी शरीररचनेचा तक्ता होता, तिथे एसटीचं वेळापत्रक लागलेलं दिसलं. तिनं स्टँडवरून उतरवून आणलं होतं. ज्यांची गाडी आधी, त्यांचा फोटो सकाळी आधी, हा तिचा नियम. मी एक भर घातली. आमच्या घरचा केस वाळवायचा ड्रायर आणून डार्करूमच्या दाराशी ठेवला. घरी याची चौकशी झाली तेव्हा मी म्हणालो, चोरीला गेला. आता हे छापून येणारच आहे, तर असो.

भाऊसाहेबांना मी पेढे नेऊन दिले. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, "मी म्हनलोच हुतो की, गाव काढू नका!" हे त्यांनी कधीच या अर्थानं म्हटलेलं नव्हतं. पण पुढच्या हंगामात सबंध कारखान्यात बातमी झाली, की भाऊसाहेबांच्या काट्यानं माणसाच्या छातीतलं पाणी मोजलं.

संगीताची कोपऱ्याची घट गेली ती गेलीच. पुढे ती परीक्षा पास झाली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिच्यापुढे छातीचा फोटो टांगला, तर तिनं आधी हात लावून तो कोरडा आहे ना बघितलं. परीक्षक चक्रावले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

खंत म्हणाल तर दोन आहेत. ती पावत्यांची बाडं संगणकाच्या त्या थंडगार खोलीत ठेवली होती, आणि वाळवीला एसी फार मानवला. आणि काट्याच्या आधी माझ्याकडून जी पोरं शिकून गेली, त्यांच्या चुका त्यांना न भेटताच गावोगाव गेल्या. त्यांतल्या कुणी हे वाचलं तर त्यानं एकदा येऊन जावं. शिकवायला म्हणून जमवलेले थोडे फोटो मी काढून ठेवलेत, पेटी पुसून ठेवलीय. चहा मी देईन.

परवा संगीताचा फोन आला. आता ती एका मोठ्या रुग्णालयात आमच्या विषयाची प्रमुख आहे. फोटो धुणं-वाळणं कधीच संपलं. सगळं पडद्यावर येतं. तिच्या विद्यार्थ्यांचा कच्चा रिपोर्ट आणि तिचा पक्का रिपोर्ट यांतला फरक दाखवायला एका कंपनीनं मोठा भारी प्रोग्राम बसवून दिलाय. रंगीत, आलेख काढणारा.

"छान आहे का?" मी विचारलं.

"छान आहे, सर. पण त्यात गाव नव्हतं. मी बसवून घेतलं. आत-बाहेरची वेळही."

"कंपनीवाले काही बोलले नाहीत?"

"बोलले ना. म्हणाले, मॅडम, पेशंटच्या गावाचा आणि डॉक्टरच्या चुकीचा काय संबंध? मी म्हटलं, माझ्या पोरांना व्हरांड्यातून कुणी कुठल्या गाडीसाठी हाका मारतंय, ते मला कळायला पाहिजे."

मी हळूच विचारलं, "आणि वाहनाचा प्रकार?"

तिकडून हसण्याचा आवाज आला. "तो त्यांना नाही जमला, सर. भाऊसाहेबांना विचारा, म्हणावं फ्लॉपी आहे का अजून?"